भुतांचे स्थलांतर

देव सर्वव्यापी असू शकतो. भुताला मात्र पत्ता लागतो. मुंजा म्हटला की पिंपळ आलाच, पिंपळाभोवतीचा पार आला, आणि मुंज होऊन सोडमुंजीपूर्वीच गेलेला कोणाचा तरी पोर आला. गिऱ्ह्याने पाण्याजवळ राहावयाचे, चकव्याने रानवाटेवर गाठावयाचे, देवचाराने गावाची शीव राखावयाची आणि हडळीने पडक्या आडाचा आश्रय करावयाचा, ही वाटणी आपल्या पूर्वजांनी इतक्या काटेकोरपणे केलेली आहे की मामलेदार कचेरीतला सातबाराही तिच्यापुढे ढिला वाटावा. इंग्रजी अमदानीत जॅक्सन नावाच्या एका विद्वान अधिकाऱ्याने ही सारी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकरवी जमविली होती. ते नाशिकास कलेक्टर असताना १९०९ साली ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास गेले आणि तेथेच अनंत कान्हेरे ह्यांच्या पिस्तुलास बळी पडले. त्यांची टिपणे पुढे एन्थोवेन ह्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती चाळू लागले म्हणजे भुतांपेक्षा भूगोलाचीच माहिती अधिक मिळते. अमुक ओढ्याचा काठ, तमुक वडाची सावली, स्मशानाकडचा तिठा! जागा वजा केली तर भुताचे असे स्वतंत्र अस्तित्व काही उरत नाही.

हा विचार मला पुस्तकावरून सुचला नाही, मांजरीवरून सुचला. मी जेथे राहतो ती ही मांजरी हडपसरच्या पुढे मुळा-मुठेच्या काठी आहे. उसाचा अभ्यास करणारी मोठी संस्था येथे आहे, द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र येथे आहे. म्हणजे ही जमीन पिकाऊ होती ह्याविषयी सरकारी पुरावा भरपूर आहे. परंतु गेल्या काही वर्षांत पिकांच्या जागी मजले उगवू लागले, आणि २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेली. आमच्या संकुलाच्या शेजारी ज्यांची थोडीशी शेती अजून शिल्लक आहे असे एक वृद्ध शेतकरी संध्याकाळी फाटकाशी येऊन बसतात. एकदा ते म्हणाले, “सर, ह्या अंगाला पूर्वी दिवेलागणीनंतर माणूस फिरकत नव्हतं. तुमचं ते क्लब हाऊस आहे ना, तिथंच विहीर होती.” विहिरीत काय होते हे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. विहीर बुजली, पिंपळ रस्त्यात गेला, वाटेवर रात्रभर दिवे जळू लागले. मग त्या जागांवर वस्तीस असलेले भय गेले कोठे? माणसाचे भय काही कमी झालेले दिसत नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर मराठीत एका लेखकाने आयुष्यभर लिहून ठेवले आहे. ते लेखक म्हणजे रत्नाकर मतकरी.

मतकरी १९३८ साली मुंबईत जन्मले आणि मुंबईकरच राहिले. ‘वेडी माणसं’ ही त्यांची एकांकिका १९५५ साली आकाशवाणीवर झाली तेव्हा त्यांना पुरते सतरावे वर्षही लागले नव्हते की काय, अशी शंका यावी इतके ते लहान होते. १९५८ साली अर्थशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढे वीस वर्षे त्यांनी बँक ऑफ इंडियात नोकरी केली. १९७८ साली ती सोडून ते सर्वस्वी लेखन-नाट्याला वाहिले. चरित्रकार असल्या नोकरीला सहसा एक ओळ देतात आणि पुढे सरकतात. मला मात्र ती वीस वर्षे फार मोलाची वाटतात. भुताची गोष्ट ही मुळात थकबाकीची गोष्ट असते. कोणाचे तरी काहीतरी देणे राहिलेले असते, ते बुडविल्यासारखे वाटत असते, आणि एके रात्री वसुलीसाठी कोणी दारात उभे राहते. खतावणीत जमा आणि नावे जुळल्याशिवाय दिवस संपत नाही, हे ज्याने वीस वर्षे पाहिले आहे त्याला ह्या हिशेबाची निर्दयता निराळी शिकवावी लागत नाही.

त्यांच्या कथा ‘हंस’, ‘नवल’ आणि दिवाळी अंकांतून येत. ‘खेकडा’, ‘कबंध’, ‘निजधाम’, ‘रंगांधळा’, ‘फाशी बखळ’ ही त्यांच्या संग्रहांची नावे मागच्या पिढीतील वाचकांना तोंडपाठ आहेत. मतकरी स्वतः त्यांना ‘गूढकथा’ म्हणत, आणि तो शब्द त्यांनी नेमका निवडला होता. रहस्यकथेत शेवटी उलगडा होतो. भयकथेत अंगावर काटा आला की काम संपते. गूढकथेतला प्रकार मात्र उलगडून झाल्यावरही गूढच उरतो, कारण तो माणसाच्या मनात असतो. ह्या कथांतील माणसे आपल्या ओळखीची आहेत. ती दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहतात, लोकलने प्रवास करतात, बढतीची वाट पाहतात, म्हाताऱ्या नातेवाइकाचा कंटाळा करतात. ती दुष्ट नसतात. फक्त कधीतरी, कोणी पाहत नसता, त्यांनी एक लहानसे पाऊल वाकडे टाकलेले असते. भूत त्या पावलाचा ठसा पाहत येते. पिंपळावरून उतरून मुंजा जिना चढू लागला आणि दारावरची पाटी वाचू लागला, तो बव्हंशी मतकरींच्या बोटाला धरून.

येथे पुण्याचे नारायण धारप आठवल्यावाचून राहत नाहीत. धारप १९२५ साली जन्मले आणि २००८ साली वारले. विज्ञानाचे पदवीधर असलेल्या ह्या लेखकाने मराठी वाचकाला जितके भिवविले तितके क्वचितच दुसऱ्या कोणी भिवविले असेल. पण दोघांच्या जगांत मोठे अंतर आहे. धारपांचे अमंगळ बाहेरून येते. ते प्राचीन असते, मानवेतर असते, दुसऱ्या मितीतून आपल्या जगाला भोक पाडून आत शिरते. आणि म्हणूनच त्याला परतवून लावणारा एक समर्थही त्यांना निर्माण करता आला. वाचकाला भय वाटते, आणि भयाच्या शेवटी दिलासाही मिळतो. मतकरींच्या कथेत समर्थ नाही. तो असूच शकत नाही. कारण घरात घुसलेल्याला घराबाहेर काढता येते, घरमालकालाच काढावयाचे झाले तर कोणी काढावे? धारपांचे वैभव मला मान्य आहे. त्यांच्या ‘आजी’ ह्या कथेच्या मुळाशी स्टीफन किंगची एक कथा, तिच्यापासून पुढे २०१८ सालचा ‘तुंबाड’ चित्रपट, आणि त्या चित्रपटाचे नाव पुन्हा श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीच्या गावाचे! भुतांनाही वंशावळ असते आणि ती अशी देशोदेशी हिंडते. पण रात्री दिवा मालवताना मला जो विचार त्रास देतो तो धारपांचा नसतो.

मतकरींची कथा सर्वत्र सारखी उतरली आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांनी फार लिहिले. शेवटच्या वाक्यात दचकविण्याची त्यांना इतकी सवय लागली की वाचकालाही ते वाक्य अगोदर ओळखण्याची सवय लागली, आणि ओळखीचा धक्का म्हणजे धक्काच नव्हे. त्यांच्या चांगल्या कथा शोधावयाच्या असतील तर शेवट सांगून टाकला तरी ज्या वाचाव्याशा वाटतात त्या घ्याव्यात. अशा कथा बऱ्याच निघतात. तरीही विद्यापीठीय टीकेने हा सगळाच प्रकार ओसरीवर बसवून ठेवला, पंक्तीत पाट दिला नाही. मला ह्याचे नवल एवढ्यासाठी वाटते की मी इंग्रजीचा अध्यापक आहे. हेन्री जेम्सची १८९८ सालची ती दोन मुलांची आणि दाईची भुताळी दीर्घकथा आम्ही वर्गात गंभीर चेहऱ्याने शिकवितो. तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. एम. आर. जेम्स हे तर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख. ते नाताळच्या रात्री मित्रांना आपल्या खोलीत बसवून, मेणबत्तीच्या उजेडात स्वतः लिहिलेल्या भुतांच्या गोष्टी वाचून दाखवीत, आणि त्यामुळे त्यांच्या विद्वत्तेस उणेपणा आल्याचे ऐकिवात नाही. साहेबाचे भूत पंक्तीला चालते. आपले मात्र परसदारी.

मतकरींच्या कर्तृत्वाचे तुकडे करून पाहण्याची खोडही ह्याच वृत्तीतून आली. बालनाट्याचा लेखक निराळा, गूढकथेचा निराळा, ‘आरण्यक’चा निराळा, ‘लोककथा ’७८’चा निराळा, अशी जणू चार माणसे होती. वस्तुतः माणूस एकच होता आणि त्याचा विषयही एकच होता. सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’साठी त्यांनी ‘मधुमंजिरी’ लिहिले, पुढे १९६२ साली स्वतःची बालनाट्य संस्था काढली आणि ती पुष्कळ वर्षे पदरमोड करून चालविली. त्या नाटकांतून राक्षस आहेत, चेटकिणी आहेत. ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजविली, आणि २०१८ साली ते नाटक नव्या संचात आले तेव्हा वैभव मांगल्यांच्या चेटकिणीने पुन्हा नाट्यगृहे भरविली. लहान मूल अशा वेळी काय करते हे पाहण्यासारखे असते. ते आईच्या कुशीत तोंड खुपसते, आणि एक डोळा उघडा ठेवते. भीती आणि कुतूहल ह्यांच्यामधली ती उघड्या डोळ्याएवढी फट, तीच मतकरींची रंगभूमी. लहानपणी चेटकीण समोरून येते, हातात झाडू घेऊन येते, म्हणून ती ओळखू येते. मोठेपणी ती सभ्य कपडे घालून येते. ‘लोककथा ’७८’मध्ये ती गावच्या सत्तेचे रूप घेते, ‘आरण्यक’मध्ये, युद्ध संपून गेल्यावर वनात राहणाऱ्या धृतराष्ट्र-गांधारी-कुंतीच्या आठवणींचे. नाटक कोणतेही असो, जे केले गेले आणि फेडले गेले नाही, त्याच्याच भोवती ते फिरते.

अशा लेखकाला दूरचित्रवाणीने हाक मारावी हे क्रमप्राप्तच होते. मुंबई दूरदर्शनवर ‘शरदाचे चांदणे’ ह्या कार्यक्रमाने त्यांचे नाव घरोघर पोहोचविले होते. पुढे झी मराठीवर त्यांच्या गूढकथांची ‘गहिरे पाणी’ ही मालिका आली. गूढकथेला ह्या पेटीइतके योग्य घर दुसरे नाही असे मला वाटते. नाट्यगृहातील भय सातशे माणसांत वाटले जाते. पुस्तकातले भय वाचकाच्या मर्जीवर असते; पान मिटले की ते मिटते. दूरचित्रवाणीचे भय थेट बैठकीच्या खोलीत घडते. पडद्यावर जशी खुर्ची आहे तशीच खुर्ची खाली आपल्या बुडाखाली असते. पडद्यावरच्या खिडकीला जे गज असतात, तेच आपल्याही खिडकीला असतात. भुताला एवढी सोय कोणत्या वाड्यात मिळाली होती?

पण त्यात एक अडचण आहे, आणि कथा-पटकथेचा धंदा ज्याला कळतो त्यालाच ती कळते. “तिने मागे वळून पाहिले,” असे लिहून कथालेखक थांबू शकतो. कॅमेरा थांबू शकत नाही. त्याला काही तरी दाखवावे लागते, किंवा काय दाखवावयाचे नाही हे तरी ठरवावे लागते. पांढरे लुगडे, मोकळे केस, धुराचे लोट आणि किंचाळणारे संगीत हा ह्या अडचणीवरचा स्वस्त तोडगा आहे. १९९३ पासून हिंदी वाहिन्यांवर रामसे मंडळींनी तो मनमुराद वापरला. मतकरींच्या गोष्टीला तो लागत नाही. कारण तिचे भय चेहऱ्यावर असते, जो पाहतो आहे त्याच्या चेहऱ्यावर. चार भिंती, दोन चांगले नट आणि एक बंद दार एवढ्यावर तिचे भागते. शिवाय ती एका बैठकीत संपते, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेत रॉड सर्लिंग ह्याने १९५९ ते १९६४ ह्या काळात अशीच एकेका भागात संपणारी अद्भुतकथांची मालिका चालविली. तिच्या १५६ भागांपैकी ९२ भाग त्याने स्वतः लिहिले. हा गृहस्थ अद्भुताकडे हौसेने वळला नव्हता. वर्णद्वेषाने झालेल्या एका खुनावर त्याने नाटिका लिहिली होती, तेव्हा जाहिरातदारांनी तिची नखे-दात काढून घेतले. त्यानंतर त्याला उमगले की जे माणसाच्या तोंडी घालता येत नाही ते परग्रहावरच्या प्राण्याच्या तोंडी खुशाल घालता येते. गूढकथा ही वास्तवापासूनची पळवाट आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी धरावे.

‘गहिरे पाणी’नंतर आपल्याकडे काय झाले? दैनंदिन मालिका आली. जिला रोज एक भाग लागतो, आणि जी संपली तर जाहिराती संपतात, तिला शेवट परवडत नाही. तिला मोठे कुटुंब लागते, पुष्कळ खोल्या लागतात, एकाच जागी महिनोन्‌महिने चित्रीकरण लागते. म्हणजे काय लागते? वाडा! २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली ती सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात. तिचे पुढचे दोन भाग २०१९ आणि २०२१ साली आले. त्या मालिकेत कसब होते हे नाकारण्याचे कारण नाही. अण्णा नाईक हे पात्र तर गावोगाव बोलीत शिरले. परंतु मला त्या सगळ्यात एक उलटा प्रवास दिसतो. मतकरींनी चाळीस-पन्नास वर्षे खपून ज्या भुताला कोकणातून मुंबईच्या बिऱ्हाडात आणले, त्याला वाहिनीने पुन्हा एस. टी.त बसवून गावी पाठवून दिले. सदनिकेतला प्रेक्षक निर्धास्त झाला. भूत वाड्यात आहे, कोकणात आहे, आपल्या बाराव्या मजल्यावर नाही! आणि हे निर्धास्तपणच तर गूढकथेने काढून घ्यावयाचे असते.

मतकरींनी ते शेवटपर्यंत काढून घेतले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जेव्हा लोक सत्काराच्या शाली मोजीत बसतात तेव्हा, त्यांनी पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. आपल्याच कथेवरचा ‘इन्व्हेस्टमेंट’. निर्मिती त्यांच्या पत्नी प्रतिभा मतकरी ह्यांची. २०१२ सालच्या मराठी चित्रपटांत सर्वोत्कृष्ट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यात भूत नाही. वर चढू पाहणारे एक नवराबायको आहेत, त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा आहे, आणि तो मुलगा आपल्याच शाळेतील एका कोवळ्या जिवाचा बळी घेतो. त्यानंतर आईबाप काय करतात, एवढाच चित्रपटाचा विषय. मुलगा ही त्यांची गुंतवणूक आहे. ती बुडू देता येत नाही. हा चित्रपट मी पाहिला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरील बाई “पण त्या पोराचं आयुष्य आहे ना पुढं,” असे पुटपुटल्या. भुताच्या कोणत्याही गोष्टीने मला तितके दचकविलेले नाही.

मे २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत मतकरी गेले. १७ मे रोजी, मुंबईच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात, वयाच्या ८१व्या वर्षी. त्या दिवसांत अंत्ययात्रा नव्हत्या, शोकसभा नव्हत्या. पुढे आठ महिन्यांनी, १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे, आमच्या मांजरीशेजारच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लशीच्या पहिल्या गाड्या निघाल्या आणि एकाएकी साऱ्या देशाच्या तोंडी ह्या भागाचे नाव झाले. नवव्या दिवशी, २१ जानेवारीस, त्याच संस्थेच्या मांजरीच्या आवारात बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीला आग लागली. लशीला धक्का पोहोचला नाही, ही बातमी त्या दिवशी सर्वांत आधी आली, आणि ती दिलाशाची होती ह्यात शंका नाही. पाच कामगार गेल्याची बातमी मागाहून आली. धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता. जुन्या गावात असे पाच मृत्यू एका जागी झाले असते तर त्या जागेला नाव पडले असते. अमावास्येला तेथे कोणी दहीभात ठेवला असता, तिन्हीसांजेनंतर मुलांना तिकडे जाऊ दिले नसते. त्या साऱ्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो, आणि ती असतेही. पण तिच्यात मेलेल्याची आठवण ठेवण्याची एक ओबडधोबड तजवीज होती. ते पाच जण कोण, कोठले, हे आज आमच्या फाटकाशी बसणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येत नाही. मतकरी असते तर त्यांनी कथा त्या कामगारांवर लिहिली नसती असा माझा तर्क आहे. ती गच्चीवरून धूर पाहणाऱ्यांवर लिहिली असती.

आमच्या संकुलातील एका इमारतीत सातव्या मजल्यावर एक सदनिका बंद आहे. तेथील गृहस्थ एकटे राहत. त्याच २०२० साली ते इस्पितळात गेले आणि परत आले नाहीत. मुले परदेशी असतात. वाचमन मराठवाड्याचा आहे. रात्रीच्या फेरीत तो सहाव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढतो आणि तेथून खाली येतो. विचारले तर म्हणतो, “वरचा दिवा गेलाय, साहेब.” दिवा दोनदा नवा बसविला आहे. संकुलातील मुले त्या सदनिकेला तिच्या क्रमांकानेच ओळखतात, आणि लिफ्टमध्ये एकटी असली म्हणजे सातचे बटण दाबीत नाहीत.